मच्छरदाणी खुंटीला, लेकरू उघड्यावर

पावसाळा तोंडावर आला की गावोगावच्या भिंती बोलू लागतात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फाटकाजवळ, एस.टी. स्थानकात तेच ते शब्द दिसतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. मच्छरदाणी वापरा. ताप आला तर रक्त तपासून घ्या. जून महिना तर शासन हिवताप प्रतिरोध महिना म्हणूनच पाळते. आपण हे सारे वाचतो, मान डोलावतो आणि घरी येऊन पंखा लावून झोपतो. मच्छरदाणी घरात नसते असे नाही. असते, पण माळ्यावर किंवा खुंटीला.

ऐकलेले आणि केलेले यांत एवढे अंतर का पडते? लोक अडाणी आहेत, निष्काळजी आहेत, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण जगभर गेली तीस-चाळीस वर्षे या एकाच प्रश्नावर काम झाले आहे. त्यातला काही भाग मुस्लिम समाजांत, मशिदींच्या आणि इमामांच्या मदतीने झाला आहे. त्यातून मिळणारी उत्तरे आपल्या घरांनाही लागू पडतात.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे २६ कोटी ३० लाख लोकांना हिवताप झाला आणि त्यातले ५ लाख ९७ हजार दगावले. यांपैकी ९५ टक्के मृत्यू आफ्रिका विभागातले होते. तिथे मरण पावणाऱ्या दर चार जणांमध्ये तिघे पाच वर्षांखालील लेकरे असतात. म्हणजे ही मुख्यतः चिमुकल्यांच्या जिवाची गोष्ट आहे, आणि ती रात्री अंथरुणावर घडते.

हुसेन खानांचा एक आणा

डास आणि हिवताप यांचे नाते उलगडले ते आपल्याच शेजारी, सिकंदराबादेत. २० ऑगस्ट १८९७ रोजी लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. त्यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २० ऑगस्ट हा दिवस आजही जागतिक डास दिन म्हणून ओळखला जातो.

या कथेतले एक नाव मात्र मागे राहून जाते, ते म्हणजे हुसेन खान. ते हिवतापाचे रुग्ण होते. रॉस यांनी अळ्यांपासून वाढवलेले डास मच्छरदाणीत सोडले आणि हुसेन खान त्या मच्छरदाणीत निजले. रक्त प्यायलेल्या दर डासामागे त्यांना एक आणा मिळे. ज्या मच्छरदाणीने डास बाहेर ठेवायचे, तिनेच त्या दिवशी डास आत ठेवले. जगाला मिळालेल्या या ज्ञानात एका गरीब मुस्लिम रुग्णाच्या रक्ताचा वाटा आहे, हे आपल्या मुलांना सांगायला हवे.

डास हिवताप पसरवतो हे कळले, तेव्हा मच्छरदाणी आधीपासून होतीच. तरीही पुढची अनेक दशके तिच्याकडे गंभीरपणे कुणी पाहिले नाही. फवारणी आणि औषधे यांवरच सारी भिस्त होती.

गांबियाने काय शिकवले

पश्चिम आफ्रिकेतला गांबिया हा एका नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेला चिंचोळा देश आहे. बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत. तिथल्या खेड्यांत मच्छरदाणी पूर्वापार होती. अभ्यासक १९८० च्या दशकात तिथे गेले, तेव्हा त्यांना एक मजेशीर गोष्ट कळली. लोक मच्छरदाणी लावत होते, पण हिवतापासाठी नव्हे. डासांची कटकट नको, छपराच्या गवतातून पडणारी धूळ-माती अंगावर नको आणि भरल्या घरात पती-पत्नीला थोडा आडोसा हवा, ही त्यांची कारणे होती. म्हणून पुष्कळांना जाळीपेक्षा चादरीसारखे दाट कापड पसंत होते.

आरोग्य खात्याच्या माणसाला हे ऐकून वाईट वाटेल. पण इथेच पहिला धडा आहे. माणूस एखादी वस्तू वापरतो ती त्याच्या स्वतःच्या कारणासाठी, आपण सांगितलेल्या कारणासाठी नव्हे. 'मरण टाळा' या शब्दांपेक्षा 'शांत झोप लागेल' हे शब्द पुष्कळदा अधिक पोहोचतात.

त्याच मच्छरदाण्या मग पर्मेथ्रिन या कीटकनाशकात बुडवून वापरल्या गेल्या. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात एक ते चार वर्षांच्या मुलांचे मृत्यू ६३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पुढे अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यांत हा आकडा एवढा मोठा राहिला नाही, पण फायदा पक्का ठरला. मच्छरदाणी नसलेल्या मुलांच्या तुलनेत मृत्यू सुमारे १७ टक्क्यांनी कमी, म्हणजे दर हजार मुलांमागे वर्षाला पाच-सहा जीव वाचतात.

गांबियाने दुसरा धडाही दिला. सरकारने १९९२ पासून हा कार्यक्रम देशभर नेला. आधी कीटकनाशक फुकट मिळत होते, तेव्हा गावेच्या गावे मच्छरदाण्या घेऊन येत. नंतर त्यासाठी थोडे पैसे घ्यायला सुरुवात झाली आणि प्रमाण झपाट्याने घसरले. लोकांना माहिती होती, पटलेही होते, पण खिशात पैसे नव्हते. खिसा रिकामा असला की सल्ला कितीही चांगला असो, तो कानाशीच थांबतो.

दोष कुणाचा?

फुकटच्या वस्तूची किंमत राहत नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. केनियात अर्थतज्ज्ञांनी हे तपासून पाहिले. गरोदर स्त्रियांच्या तपासणी केंद्रांत काही ठिकाणी मच्छरदाणी मोफत दिली, तर काही ठिकाणी वेगवेगळी किंमत ठेवली. किंमत शून्यावरून ६० अमेरिकी सेंटवर गेली, एवढ्यानेच घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्के अंकांनी कोसळले. महत्त्वाचे म्हणजे, फुकट घेतलेल्या स्त्रियांनी ती अडगळीत टाकली नव्हती. पैसे देऊन घेणाऱ्यांइतकीच त्यांनीही वापरली.

आफ्रिकेतल्या अनेक देशांच्या पाहण्यांमधून हेच चित्र पुढे आले. घरात सर्वांना पुरतील एवढ्या मच्छरदाण्या असतील, तर बहुसंख्य माणसे त्या वापरतात. अडचण असते ती घरात सात माणसे आणि मच्छरदाणी एक, ही. अशा घराला 'मच्छरदाणी वापरा' असे दहा वेळा बजावणे म्हणजे उपाशी माणसाला वेळेवर जेवत जा म्हणण्यासारखे आहे.

म्हणून जाहिरात करणाऱ्या प्रत्येक खात्याने आधी स्वतःला विचारावे, की आपण सांगतो ते करण्याची सोय या घरात आहे का? सोय झाल्यावरच सांगण्याला अर्थ येतो.

सगळे कुटुंब, बारा महिने, रोज रात्री

सोय झाल्यावर मात्र शब्दांचे काम सुरू होते. सेनेगल या मुस्लिमबहुल देशाने आपल्या मोहिमेत तीन गोष्टी एकत्र बांधल्या. सगळे कुटुंब, बारा महिने, रोज रात्री. हे तीन शब्द वाटेल तसे निवडलेले नव्हते. प्रत्येक शब्द एकेका चुकीच्या सवयीला उत्तर देत होता. मच्छरदाणी फक्त तान्ह्या बाळासाठी असते, ही एक सवय. ती फक्त पावसाळ्यात काढायची, ही दुसरी. आज डास दिसत नाहीत तर राहू दे, ही तिसरी. गायक युसू न्दूर यांनीही आपला आवाज या कामाला दिला.

कॅमेरून, चाड, टांझानिया अशा देशांत वेळेचा विचार झाला. रात्री नऊच्या सुमारास रेडिओ-दूरदर्शनवर एक साधा प्रश्न विचारला जाई, की तुम्ही आणि तुमचे कुटुंब आज रात्री मच्छरदाणीत झोपत आहात ना? सकाळी अकराला ऐकलेली सूचना रात्रीपर्यंत विरून जाते. नऊला ऐकलेली सूचना उठून दोरी बांधायला लावते. कॅमेरूनमध्ये या मोहिमेनंतर वापर वाढला, आणि मोठ्यांपेक्षा मुलांच्या बाबतीत ही वाढ जास्त होती. प्रश्नाच्या रूपात विचारले की आईबाप आधी मुलांकडे पाहतात, हे उघडच आहे.

नायजेरियात तर मशिदी आणि चर्च एकत्र आले. जगात हिवतापाचे सर्वांत जास्त रुग्ण असलेला हा देश. सोकोतोचे सुलतान मुहम्मद सादू अबूबकर आणि अबुजाचे आर्चबिशप जॉन ओनाइयेकन यांच्या पुढाकाराने इमाम आणि पाद्री यांना मच्छरदाणीविषयी प्रशिक्षण देण्यात आले. जुम्याच्या खुत्ब्यात आणि रविवारच्या प्रवचनात काय सांगावे, याचे मुद्दे ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथाच्या आधाराने तयार केले गेले.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आजार अल्लाहच्या मर्जीने येतो, तोच शिफा देतो, मग जाळीने काय होणार, असा विचार तिथेही होता. त्याला डॉक्टरने उत्तर दिले तर ते श्रद्धेवरचा हल्ला वाटते. इमाम साहेबांनी सांगितले तर तेच उत्तर दीनचा भाग वाटते. उंट आधी बांध आणि मग तवक्कुल कर, ही शिकवण आपल्यालाही लहानपणापासून ठाऊक आहे. मच्छरदाणीची दोरी बांधणे म्हणजे उंटाची दोरी बांधण्यासारखेच आहे.

लोक खरेच का टाळतात?

मच्छरदाणी असूनही न वापरण्याची कारणे अनेक देशांत विचारली गेली. दोन कारणे सगळीकडे वर आली. एक, उकडते. दुसरे, सध्या डास नाहीत. हिवताप धोकादायक आहे हे माहीत नाही, असे फारसे कुणी म्हणत नव्हते. तरीही भित्तिपत्रके मात्र धोकाच सांगत राहिली.

उकाड्याला भीती हे उत्तर नव्हे. उत्तर असते ते जाळी मोठ्या छिद्रांची की बारीक, पंखा आत घेता येतो का, खाट खिडकीजवळ सरकवता येते का, अशा बारीकसारीक गोष्टींत. आपल्याकडे मे महिन्यात अर्धे घर गच्चीवर किंवा अंगणात झोपते. तिथे चार काठ्या रोवून मच्छरदाणी कशी उभी करायची, हे कुठल्याच भिंतीवर लिहिलेले नसते.

'डास नाहीत' हे कारणही तपासून घेतले पाहिजे. हिवतापाचा ॲनाफिलीस डास फारसा गुणगुणत नाही आणि मुख्यतः रात्री चावतो, मध्यरात्र ते पहाट हा त्याचा जोराचा वेळ. आपण गाढ झोपेत असतो तेव्हा. इशाच्या नमाजानंतर लावलेली मच्छरदाणी फजरच्या अजानपर्यंत राहिली पाहिजे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. रमजानमध्ये हीच वेळ विस्कटते. तरावीहनंतर उशिरा झोप, सहरीसाठी उठणे, मुले बैठकीच्या खोलीत जागा मिळेल तिथे पसरलेली. नेमक्या त्या रात्रींत मच्छरदाणीची आठवण घरातल्या कुणीतरी एकाने ठेवावी लागते.

काही कारणे कुणी विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीत. आफ्रिकेच्या काही भागांत पांढरी मच्छरदाणी लोकांना कफनासारखी वाटे, म्हणून तिथे गडद रंग पसंत केले गेले. कीटकनाशक असलेली नवी मच्छरदाणी पहिल्याच रात्री लावली तर अंगाला खाज येते, शिंका येतात. हे आधी सांगितले नसेल तर घरातली दादी दुसऱ्या दिवशी ती कायमची बांधून ठेवते आणि 'सरकारी मच्छरदाणीत विष आहे' ही बातमी मोहल्लाभर जाते. खरे तर पाकिटातून काढून एक दिवस सावलीत पसरून ठेवली की हा त्रास बहुतेक टळतो. ही एक ओळ आधी सांगणे हे दहा भित्तिपत्रकांच्या बरोबरीचे आहे.

मधल्या मुलांचे काय?

या साऱ्या पाहण्यांत एक गोष्ट वारंवार दिसते आणि ती प्रत्येक आईने मनावर घ्यावी अशी आहे. तान्हे बाळ आईच्या कुशीत मच्छरदाणीत झोपते. वडीलधाऱ्यांची खाट वेगळी असते. उघड्यावर राहतात ती शाळकरी मुले, पाच ते पंधरा वर्षांची. एका सतरंजीवर ओळीने झोपलेली ही मुले मच्छरदाणीच्या हिशेबात बसतच नाहीत. हिवतापाने वारंवार शाळा बुडते, रक्त कमी होते. शिवाय त्यांच्या अंगात जंतू राहिले तर डास तेच जंतू धाकट्या भावंडापर्यंत नेतात.

मच्छरदाण्या कमी असतील तर आधी कुणाला, हेही स्पष्ट ठरवावे. गरोदर सून आणि पाच वर्षांखालील मूल यांचा हक्क पहिला. गरोदरपणात हिवताप झाला तर आईला पांडुरोग होतो, बाळ कमी वजनाचे जन्मते, कधी पोटातच दगावते. घरात सर्वांत चांगली खाट आणि सर्वांत चांगली मच्छरदाणी कर्त्या पुरुषाला देण्याची रीत असेल, तर अब्बांनीच पुढे होऊन ती सुनेला द्यावी. पुढची मच्छरदाणी आली की ती मधल्या मुलांच्या सतरंजीवर लागावी.

शेजाऱ्याचाही इथे हक्क आहे. कीटकनाशकाच्या मच्छरदाणीवर बसलेला डास मरतो. वस्तीतल्या बहुतेक घरांनी ती लावली, तर डासांची संख्याच घटते आणि ज्या घरात ती नाही त्यालाही काहीसे संरक्षण मिळते. शेजाऱ्याचे भले करण्याचा इतका सोपा मार्ग क्वचितच सापडेल.

झांझिबारची आठवण

टांझानियाचा झांझिबार हा द्वीपसमूह जवळजवळ पूर्ण मुस्लिम आहे. तिथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस मोठी मोहीम सुरू झाली आणि हिवताप खूप खाली आला. १९६८ च्या सुमारास मोहीम थांबली. काही वर्षांत हिवताप पुन्हा पहिल्यासारखा पसरला. २००० नंतर प्रभावी औषधे, मच्छरदाण्या आणि फवारणी यांची जोड दिली गेली, तेव्हा तो पुन्हा एक टक्क्याच्या आसपास आणता आला.

यश आले की लोक म्हणतात, आता कुठे आहे हिवताप? मग मच्छरदाणी खुंटीला जाते. आजार दिसत नसताना सावध ठेवणे हे आरोग्य प्रचाराचे सर्वांत अवघड काम आहे, आणि आपला देश आज याच टप्प्यावर उभा आहे. भारतात २०१५ साली हिवतापाचे सुमारे ११ लाख ७० हजार रुग्ण नोंदले गेले होते. २०२३ मध्ये ही संख्या सव्वादोन लाखांच्या घरात आली. ओडिशाने २०१७ मध्ये सुमारे १ कोटी १० लाख मच्छरदाण्या वाटल्या, दुर्गम पाड्यांत तपासणी शिबिरे घेतली, आशा सेविकांना घरोघरी पाठवले. तिथे २०१६ मध्ये ४ लाख ४४ हजारांवर असलेले रुग्ण २०१८ मध्ये ६६ हजारांवर आले. २०३० पर्यंत देशातून हिवताप हटवण्याचे ध्येय आहे.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाचे प्रमाण मोठे आहे. जंगल, धानाची शेती आणि राखणीला शेतातच झोपणारी माणसे. त्यांना घरातल्या मच्छरदाणीचा उपयोग नाही, बरोबर नेता येईल अशी हवी. मुंबईचा हिवताप वेगळा. तो गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत आणि बांधकामांवर साचलेल्या पाण्यात वाढतो. डेंग्यूचा डास तर दिवसा चावतो. म्हणून दुपारी निजणाऱ्या बाळावर छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी ठेवावी आणि डेंग्यूच्या रुग्णालाही दिवसा मच्छरदाणीत ठेवावे, म्हणजे त्याच्याकडून डास इतरांकडे रोग नेणार नाहीत. जंगलाला एक सांगणे, शहराला दुसरे. सगळ्या राज्याला एकच भित्तिपत्रक पुरत नाही.

आपण काय करू शकतो

आज रात्री जेवण झाल्यावर घरातली अंथरुणे मोजा आणि मच्छरदाण्या मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे आपल्या घराची अडचण. पैसे असतील तर एकेक वाढवा. शासनाकडून वाटप होत असलेल्या गावात राहत असाल तर आशाताईंकडे नाव आहे का ते विचारा. भिंतीत चार खिळे एकदाच पक्के ठोका. रोज दोरी कुठे बांधायची हा प्रश्न राहिला तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. कडा गादीखाली नीट खोचा. भोक पडले तर त्याच दिवशी टाका घाला. कीटकनाशकाची मच्छरदाणी साध्या साबणाने, हलक्या हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हाने आणि जहाल पावडरीने औषध लवकर उतरते. ओढ्या-तळ्यात ती धुऊ नका, माशांना अपाय होतो. आणि ताप आला तर मच्छरदाणी लावत होतो म्हणून निश्चिंत राहू नका, एका दिवसाच्या आत रक्त तपासा.

मशिदींच्या विश्वस्तांना आणि इमाम साहेबांना आमची विनंती आहे. जूनमधल्या एखाद्या जुम्याला पाच मिनिटे या विषयाला द्या. पण तेवढ्यावर थांबू नका. वजूखान्याची टाकी झाकलेली आहे का, मागच्या बाजूला पाणी तुंबले आहे का, हे आधी पाहा. मदरशात राहणाऱ्या मुलांच्या अंथरुणांवर मच्छरदाण्या आहेत का, तेही पाहा. ती मुलेही कुणाची तरी मधली मुलेच आहेत. सदका-खैरातीतून चादरी वाटल्या जातात, तशा मच्छरदाण्याही वाटता येतील. वाटताना एकदा टांगून दाखवा, खाजेचे आधीच सांगा आणि आठ दिवसांनी पुन्हा विचारा.

भिंतीवरची अक्षरे आपले काम करत राहतील. पण रात्री नऊला प्रश्न विचारणारा रेडिओ आपल्याकडे नाही. तो प्रश्न आपल्या घरात अम्मी विचारू शकते, दादी विचारू शकते, शाळेत जाणारी मुलगीही विचारू शकते, की आज मच्छरदाणी लावली का, आणि कुणी बाहेर तर राहिले नाही ना?